लसणाच्या ओळीत बसलेली आई

आमच्या घरात बाजार आप्पा आणायचे. आणायचे म्हणजे नुसत्या पिशव्या वाहून आणायचे असं नाही. काय घ्यायचं, कसलं घ्यायचं, किती घ्यायचं, हे सगळं त्यांचं तेच ठरवायचे. शनिवारी न्याहारी झाली की सायकलच्या हँडलला दोन पिशव्या अडकवून ते शिरूरला निघत. जुनी माणसं शिरूरला घोडनदीच म्हणत, म्हणून आमच्याही तोंडी 'घोडनदीचा बाजार' हेच बसलेलं. दुपार कलली की अंगणात घंटी वाजे आणि मी धावत जाऊन पिशवीत हात घालायची, कारण वर्तमानपत्राच्या पुडीत गुळाची गुडीशेव असायची. आई पिशव्या पुढ्यात घेऊन बसे आणि एकेक वस्तू बाहेर काढी. 'वांगी आणलीत व्हय,' 'पावटा लवकर आला म्हणायचा औंदा,' असं स्वतःशीच बोले. तिच्यासाठी बाजार म्हणजे पिशवीच्या तोंडातून जेवढा दिसेल तेवढा. तिच्या साड्याही आप्पांनीच आणलेल्या, चपलाही त्यांनीच. बांगड्या ते अंदाजानं आणत आणि मोडायला नकोत म्हणून मुद्दाम एक माप मोठ्या आणत. भाकरी थापताना त्या कोपरापर्यंत चढायच्या आणि हात खाली केला की खळकन मनगटावर यायच्या. त्या आवाजावरून आई घरात कुठं आहे ते मला कळायचं.

यात आप्पा कंजूष किंवा जाचक होते असं कुणी समजू नये. त्यांना बाजार मनापासून आवडायचा. मेथीची जुडी कशी उलटी धरून झटकायची, गवार कशी मोडून बघायची, हे ते जेवताना रंगवून सांगत. आमची मूळची मेंढरांमागची माणसं. आप्पांच्या वडलांनी मेंढरं विकून जमिनीच्या तुकड्यावर घर बांधलं, आणि बाजाराला जाऊन घरचं सामान आणणं ही आप्पांच्या लेखी स्थिर झालेल्या माणसाची खूण होती. आपल्या बाईला बाजारात उन्हातान्हात फिरावं लागत नाही, याचा त्यांना अभिमान होता. आईला तिथं जावंसं वाटत असेल, हे त्यांच्या मनात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं नव्हतं.

मग रांजणगावला कंपन्या उभ्या राहू लागल्या आणि आप्पांना एका कंपनीत बागेचं काम लागलं. सात ते तीनची पाळी, सुट्टी गुरुवारी. सकाळी सायकलनं शिरूरच्या स्टँडपर्यंत जायचं, सायकल तिथं लावायची आणि कंपनीच्या गाडीत बसायचं. पहिल्या शनिवारी घरात अडचण उभी राहिली. आप्पांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, शेताच्या कामातून मोकळे होत नसत. काकू बाळंतीण होती. आप्पा बराच वेळ पायताणाशी चाळा करत उभे राहिले आणि म्हणाले, "शालीला बरोबर घेऊन तूच जाऊन ये. आठवडाभराचा तर प्रश्न हाय." शाली म्हणजे मी, शालन. तेव्हा चौदा वर्षांची, आठवीत होते.

काळ्यापिवळ्या जीपमध्ये आम्ही दोघी इतर बायांच्या मांड्यांवर बसल्यासारख्या बसून गेलो. उतरल्यावर आई जी थांबली ती हलेचना. मीही बाजार पहिल्यांदाच असा मधोमध उभं राहून बघत होते. एकाला एक लागून पालं, पालांच्या दोऱ्यांना अडखळणारी माणसं, ओल्या कोथिंबिरीचा आणि सुकटीचा एकमेकांत घुसलेला वास, भज्यांच्या कढईचा चर्र आवाज, उंदराचं औषध विकणाऱ्याचा कर्णा, कुठूनतरी ओरडणारी शेळी. आई वांग्यांच्या ढिगापुढं बसली. एक वांगं उचललं, ठेवलं. दुसरं उचललं, ठेवलं. बाई म्हणाली, "घ्या की मावशी, सकाळचंच तोडलंय." आईनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "आप्पा कसली आणत्यात गं?" त्या दिवशी आम्ही बरोबर आप्पा आणायचे तेच आणलं. तेवढीच वांगी, तीच मेथी, गुडीशेवसुद्धा. एवढ्या मोठ्या बाजारातून आई आप्पांची पिशवी भरून घेऊन आली.

आप्पांची सुट्टी काही बदलली नाही, आणि पुढच्या शनिवारी आम्हीच गेलो, त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या की चौथ्या खेपेला आईनं कारली घेतली. आप्पांना कारलं आवडत नसे, म्हणून आमच्या घरात ते कधी आलंच नव्हतं. आईला ते फार आवडतं, हे मला त्या दिवशी कळलं. तिनं ते जिरं आणि गूळ घालून केलं, एका वाटीत स्वतःपुरतं काढलं आणि चुलीशी बसून हळूहळू खाल्लं. त्यानंतर तिचा हात मोकळा होत गेला. ती ढिगावर वाकायची, वरची भाजी बाजूला सारून खालची बघायची, वास घ्यायची. काही घ्यायचं नसलं तरी मडक्यांपाशी थांबून बोटाच्या पेरानं वाजवून बघायची. घोंगड्यांच्या पालात बसून लोकर चोळायची आणि मला सांगायची, "ही मेंढी पावसाच्या आधी कातरलेली हाय." एके शनिवारी ती कासाराच्या पालात बसली आणि हात पुढं केला. कासारानं तिच्या जुन्या बांगड्या बघून विचारलं, "ह्या कुणाच्या घातल्यात बाई?" मग त्यानं तिचा तळवा दाबून दाबून मापाच्या हिरव्या बांगड्या चढवल्या. घरी आल्यावर मला ती घरात कुठं आहे ते दोन दिवस कळेना.

आता माझी सून मोबाईलवर भाजी मागवते. मी तिला काही म्हणत नाही, तिला नोकरी आहे, दमून येते. पण दारात पिशवी आली की मला ती आई आठवते, आत काय निघतंय ते बघत बसलेली. लोकांना वाटतं बाजाराची मजा स्वस्ताईत आहे किंवा घासाघिशीत. ती असेलही. पण उन्हात दहा पालं फिरून, एखादी वस्तू हातात घेऊन 'ही नको' म्हणता येणं, यातली मजा ज्याला कधी ते करता आलं नाही त्यालाच कळते.

माझी मावशी आम्हाला भेटली ती त्याच वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडाला. तिच्याबद्दल आधी सांगायला हवं. आईच्या पाठची एकच बहीण, मंजुळा. दोघी भांडगावच्या बाजूला मेंढरांमागं हिंडत वाढल्या. आईचं आप्पांशी लग्न झालं, आणि मंजामावशी वयात आल्यावर तिला आमच्या तात्यांना द्यायचं ठरलं. सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा होतील म्हणून सगळे खूश होते. सुपारी फोडायच्या दिवशी पाहुणे बसलेले, आप्पा पुढं होऊन बोलत होते, आणि मावशी दारात येऊन म्हणाली, "मला ह्या घरी जायचं न्हाई." एवढंच म्हणाली आणि आत गेली. वर्षाच्या आत तिनं दौंडच्या एका बाजारकऱ्याशी लग्न केलं. बाजारकरी म्हणजे आज ह्या गावात तर उद्या त्या गावात पाल ठोकून माल विकणारा. आप्पांना सगळ्यात जास्त काय लागलं असेल ते मला सांगता येत नाही. तात्यांचं तोंड पडलं ते, की आपल्या शब्दाला बसलेला धक्का. त्यांनी आईला सांगून टाकलं, तिच्याशी आपला संबंध नाही. पुढं तात्यांचं लग्न झालं, मूल झालं, पण ते बंद झालेलं दार तसंच राहिलं.

त्या शनिवारी आम्ही मिरच्यांच्या पालांकडून पलीकडं चाललो होतो आणि एक बाई ओरडली, "या, गावरान लसूण या!" त्यातलं 'या' तिनं असं लांबवलं की ते बाजाराच्या पार टोकाला गेलं असेल. आई जागच्या जागी थांबली. माझा दंड तिनं इतका घट्ट धरला की मला दुखलं. रानात एका माळावरून दुसऱ्या माळावर मेंढरांना साद घालतात ती ही हाक होती. लहानपणी दोघींनी तीच घातलेली. लसणाच्या ढिगामागं मावशी उभी होती, कपाळावर पदराची घडी ठेवलेली, हातात तागडी. तिनं आम्हाला बघितलं नाही. आई वळली आणि मला ओढत थेट जीपपर्यंत आली. त्या आठवड्यात आमच्याकडं मिरच्या आल्याच नाहीत.

पुढच्या शनिवारी आई काही न बोलता सरळ लसणाच्या ओळीत गेली आणि ढिगापुढं बसली. मावशीनं मान वर न करताच विचारलं, "किती देऊ?" आई म्हणाली, "तुला देता येईल तेवढा दे, मंजे." मावशीच्या हातातलं पारडं खाली आलं. दोघी रडतील असं मला वाटलं होतं. त्याऐवजी मावशी पोत्यावर सरकली, हातानं जागा झाडली आणि म्हणाली, "बस आक्का. तिकडं उन्हात कशाला बसलीस?"

तेव्हापासून आमचा बाजार दोन भागांचा झाला. आधी झपाझप भाज्या घ्यायच्या आणि मग तासभर मावशीच्या पालात, विकणाऱ्यांच्या बाजूनं, पोत्यावर बसायचं. मावशीचे मालक, ज्यांना मी सोपानकाका म्हणायची, शांत माणूस होते. आम्ही आलो की भेळेच्या तीन पुड्या आणून ठेवायचे आणि स्वतः दोन पालं सोडून गप्पा मारायला जायचे. बाजार त्या बाजूनं निराळाच दिसायचा. समोर आधी पाय यायचे, मग पिशवी, मग वाकलेला चेहरा. कुणी घेणार आहे आणि कुणी नुसतं बघतंय, हे मावशीला चपलांवरून कळायचं. गिऱ्हाईक नसलं की दोघी लसणाची टरफलं झाडत बोलत राहायच्या. मेंढरांची नावं, एका मेलेल्या कुत्र्याची आठवण, कुठल्या ओढ्याला कसं पाणी होतं. आई मोठ्यानं हसायची. घरी तिचं हसणं ओठांच्या आतच असायचं. तिला एवढा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. जीपमध्ये बसताना ती दर वेळी म्हणायची, "घरी बोलायचं न्हाई हां शाले." मी कधी बोलले नाही. बोलला तो लसूण. मावशी दर खेपेला पिशवीत लसूण कोंबायची, आई नको म्हणायची, आणि आमच्या घरात तुळईला, खुंटीला, चुलीमागं, सगळीकडं लसणाच्या पेंड्या लोंबकळायला लागल्या. रोज चटणी, रोज फोडणीला मूठभर. एकदा आप्पा जेवता जेवता वर बघून म्हणाले, "एवढा लसूण? कुणाचं लगीन काढलंय का घरात?" आई म्हणाली, "स्वस्त गावला तवा घेऊन ठेवला." आप्पांना बाजार कळत होता, हे उत्तर त्यांना पटलं नसणार. पण ते पुढचा घास घेऊन जेवत राहिले.

मावशीला दिवस गेले. पाचवा महिना असेल. त्या शनिवारी ऊन रणरणत होतं आणि आम्ही पालात पोचलो तेव्हाच तिचा चेहरा पांढरा पडलेला होता. उठायला गेली आणि ढिगावरच कलंडली. आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, मी कुठूनतरी पाण्याचा तांब्या आणला. "आक्का, डॉक्टरकडं न्यायला पायजे. पन माल..." सोपानकाका म्हणाले. लसणाची चार पोती उघडी होती आणि बाजार ऐन भरात. आई म्हणाली, "माल मी बघते. तुम्ही आधी हिला उचला." शेजारच्या पालातल्या माणसानं हातगाडी दिली, तिच्यावर मावशीला निजवून ते गेले.

सुरुवातीला आई तागडी नुसती हातात धरून बसली. गिऱ्हाईक यायचं, भाव विचारायचं, ती हळू आवाजात सांगायची, त्याला ऐकू जायचं नाही आणि ते पुढं जायचं. आमची परतीची जीप एकच्या सुमाराला निघायची, ती गेली. दोन वाजले, मावशीचा पत्ता नाही. आई उठून उभी राहिली. तिनं पदर खोचला, तोंडाजवळ हात नेला आणि ओरडली, "या, गावरान लसूण या!" शेजारचा मिरचीवाला दचकून मागं वळला. मावशीच्या हाकेपेक्षाही ती लांब गेली. पुढच्या तासात आई जी काही झाली, ती मी आयुष्यात विसरणार नाही. ती वजन टाकत होती, मी पिशवीत ओतत होते. कुणी गड्डा उचलून नाकाला लावला की ती म्हणायची, "बघा, बघून घ्या, माझी ना न्हाई." कुणी उगाच नाव ठेवलं की म्हणायची, "मग राहू द्या ताई, चांगला बघून घ्या दुसरीकडं." आणि ती बाई हमखास परत यायची. मी मावशीच्या काळजीत होते, आईही होती, पण तिच्या चेहऱ्यावर काळजीशेजारी आणखी काहीतरी होतं, आणि ते आनंदाशिवाय दुसरं काही नव्हतं.

तीनला पाळी सुटली की कंपनीची गाडी आप्पांना स्टँडवर सोडायची. इतर शनिवारी तोवर आम्ही घरी पोचलेल्या असायचो. आप्पा मात्र सायकल काढायच्या आधी जुन्या सवयीनं बाजारातून एक फेरी मारत असणार, हे आम्हाला कुठं माहीत? आईनं हाक घालायला तोंड उघडलं आणि ती हाक अर्धीच राहिली. ढिगाच्या पलीकडं आप्पा उभे होते. कंपनीचा खाकी शर्ट, हातात जेवणाचा डबा. ते आईच्या खोचलेल्या पदराकडं बघत होते, तागडीकडं बघत होते. त्यांच्या दोन्ही बाजूंनी माणसं वाकून लसूण निवडत होती. एक म्हातारा म्हणाला, "बाई, माझा अर्धा किलो राहिला की." आईचा हात उचलेना.

मग आप्पा खाली बसले, चार गड्डे निवडून पारड्यात टाकले आणि म्हणाले, "पाव किलो द्या."

द्या म्हणाले. आईला ते आयुष्यात कधी 'द्या' म्हणाले नव्हते. मला वाटलं, ही परक्या बाईसारखं तोडून टाकायची तऱ्हा आहे. आईनं वजन केलं. दांडी तिनं सरळ होईपर्यंत धरली, एक गड्डा कमी केला, एक लहान टाकला. "घ्या," ती म्हणाली. आप्पांनी लसूण रुमालात बांधला आणि माझ्याकडं वळले.

"मंजीला काय झालंय?" पाल कुणाचं ते त्यांना आधीच ठाऊक होतं.

"चक्कर आली. डॉक्टरकडं नेलंय."

"कवा?"

"बारा वाजता."

त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "मग हे आवरणार कोण? बाजार फुटत आलाय," असं म्हणून ते पालाच्या मागं गेले आणि उघड्या पोत्यांची तोंडं एकेक करून बांधायला लागले. आई पुढं विकत होती, आप्पा मागं आवरत होते. पालाच्या दोऱ्या त्यांनी अशा सोडल्या, की मेंढरांच्या तळावर राहिलेल्या माणसालाच त्या तशा सुटतात.

दिवस मावळायला आला तेव्हा सोपानकाका धावत आले. आप्पांना बघून ते दहा पावलं अलीकडंच थांबले. "दाजी," एवढंच म्हणाले. आप्पा म्हणाले, "आधी ती कशी हाय ते सांग." ती बरी होती. सलाईन लावलं होतं, बाळ ठीक होतं, उद्या सोडणार होते. आप्पांनी मान हलवली आणि पोतं टेम्पोत चढवायला सोपानकाकांना हात दिला. मग स्टँडवरून सायकल घेऊन आम्ही तिघं दवाखान्यापर्यंत चालत गेलो. दारात आप्पांनी सायकल उभी केली. "तुमी दोघी जाऊन या," ते म्हणाले. आई म्हणाली, "तुमी न्हाई येत?" ते म्हणाले, "मी हितं हाय." आम्ही मावशीपाशी बसून परत आलो तेव्हा ते खरोखर तिथंच होते, सायकलच्या कॅरिअरला टेकून.

घरी जेवायला बसल्यावर तात्यांना सगळं आप्पांनीच सांगितलं. आईवर सोडलं नाही. तात्या ताट तसंच ठेवून बाहेर गेले. बऱ्याच वेळानं आले आणि आईपुढं उभं राहून म्हणाले, "वहिनी, तुमी भेटा तिला. माझं काय म्हणनं न्हाई. पन तिला ह्या घरात बोलवू नका." आई म्हणाली, "न्हाई बोलवत भाऊजी." दोघांनीही शब्द पाळला. मला त्या वयात तात्यांचा राग आला होता. आता येत नाही. एवढ्या माणसांसमोर नको म्हटलेला माणूस होता तो. त्यानं जेवढं दिलं तेवढं त्याच्या परीनं पुष्कळ होतं.

म्हणून मावशी आणि आम्ही, आमचं सगळं नातं बाजारातच राहिलं. तिच्या मुलीचं नावही मी पहिल्यांदा ऐकलं ते पालात. ती पोर लसणाच्या पोत्यावर निजून मोठी झाली. आप्पा कधी गुरुवार सोडून सुट्टीवर असले की स्वतः बाजाराला येत, मावशीच्या ढिगापुढं बसत आणि म्हणत, "पाव किलो द्या." मावशी म्हणे, "घ्या दाजी." यापलीकडं त्यांचं बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. घरात समोरासमोर आले असते तर एकाला मागचं काढावं लागलं असतं, दुसऱ्याला उत्तर द्यावं लागलं असतं. बाजारात घेणारा आणि देणारा एवढं असलं की भागतं. मला वाटतं, दोघांनाही ते पुरेसं होतं.

एकदा आई भाजी घ्यायला गेलेली असताना मी मावशीला विचारलं, "मावशी, तू तात्यांना न्हाई का म्हणालीस? ते काय वाईट हायत का?"

"छे गं. तुझ्या तात्यात काय खोट न्हवती," ती म्हणाली. एका बाईनं नुकताच गड्डा चार वेळा उलटापालटा करून परत टाकला होता, तो मावशीनं नीट ढिगावर लावला. "मला कुणी इचारलंच न्हाई. सगळ्यांनी सगळ्यांना इचारलं, माझं तेवढं राहिलं. दारातनं मी ऐकत हुते, आता इचारतील, मग इचारतील. मग मीच गेले बाहेर."

मी एकोणीस वर्षांची झाले, शिरूरच्या कॉलेजात पहिलं वर्ष संपत होतं, तेव्हा मला एक स्थळ आलं. मुलगा रांजणगावच्या एका कंपनीत कायम झालेला, घरची बागायत, मोटरसायकल. येऊन बघूनही गेले. मुलात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. फक्त, मी त्याला विचारलं, "लग्नानंतर मला कॉलेज पुरं करता येईल का?" तेव्हा त्यानं आपल्या मामांकडं बघितलं आणि उत्तर मामांनी दिलं. पाणी हवं का, या प्रश्नाचंही उत्तर मामांनीच दिलं. घरात सगळे खूश होते. तात्या तर सुपारीचा दिवसही मनात धरून बसले होते. मला काय वाटतंय ते माझं मलाच नीट मांडता येत नव्हतं, आणि एवढ्या कारणासाठी नको म्हणायची मला लाज वाटत होती.

त्या आठवड्यात आप्पांनी रजा काढली आणि शनिवारी आईला म्हणाले, "आज मी अन् शाली जातो बाजाराला." आईनं माझ्याकडं न बघता पिशव्या काढून दिल्या. बाजारात त्यांनी भाज्या मला निवडू दिल्या. स्वतः मागं पिशवी धरून उभे राहिले. मग मला रसवंतीत घेऊन गेले. चरकाची घुंगरं वाजत होती. रसाचे ग्लास समोर आले आणि आप्पा ग्लासकडं बघत म्हणाले, "त्या लोकांना आज कळवायचंय. तुझं काय म्हणनं हाय?"

मी पिशवी पायाशी सरकवून घेतली.

"घरात सगळी असत्यात, म्हणून हितं इचारतोय. व्हय म्हण न्हाईतर न्हाई म्हण. पन तू म्हण."

"न्हाई," मी म्हणाले. आणि घाईघाईनं कारण सांगायला लागले, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांचा चेहरा उतरला होता. स्थळ त्यांना मनापासून आवडलं होतं, ते मला दिसत होतं. त्यांनी रस हळूहळू संपवला, ग्लास खाली ठेवला आणि रस्ता ओलांडून समोरच्या एस.टी.डी.च्या बूथकडं चालायला लागले. मी पिशवी घेऊन मागोमाग गेले.

बूथचं दार लागत नव्हतं आणि बाहेर बाजार नुसता गर्जत होता. आप्पांनी वहीतला नंबर बघून बघून फिरवला. पलीकडं मुलाचे मामा असावेत. "नमस्कार... व्हय, मीच बोलतोय... न्हाई, पत्रिकेचं काय न्हाई... न्हाई न्हाई, देण्याघेण्याचंबी न्हाई." थोडा वेळ ते ऐकत राहिले. कुठलंतरी सोयीचं कारण सांगून मोकळं होणं किती सोपं होतं. मला वाटलं, तसंच काहीतरी ते सांगतील, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नसतं. मग त्यांनी दुसऱ्या कानावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "पोरगी न्हाई म्हणतीय."

पलीकडं ऐकू गेलं नसावं.

"अहो पोरगी!" आप्पा ओरडले. रसवंतीतली माणसं वळली. "माझं काय घेऊन बसलाय? मला पसंत हाय! पोरीला इचारलं, पोरगी न्हाई म्हणतीय!"

बूथशेजारी पथारी मांडून बसलेल्या चपलावाल्यानं हातातली चप्पल खाली ठेवली आणि माझ्याकडं निरखून बघितलं. त्याच्या गिऱ्हाइकानंही बघितलं. मी मान खाली घातली नाही.